विज्ञानाचं राजकारण शिकायचंय? पदवीच्या नावावर जाऊ नका

जयपूरच्या एमएनआयटीत, म्हणजे मालवीय राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत, निम्म्या जागा राजस्थानबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी असतात. त्यामुळे तिथं मराठी मुलं-मुली भेटतात. शहरातल्या खासगी विद्यापीठांतही भेटतात, आणि वर्षानुवर्षं इथं स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुलं तर आहेतच. यांतल्या एखाद्याला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी अभ्यासक्रमाबाहेरचे प्रश्न पडायला लागतात. धरण कुठं बांधायचं हे इंजिनीअर ठरवतो की मंत्री? संशोधनाला पैसा कोण देतं आणि कशाला देत नाही? रेशन दुकानातलं यंत्र म्हातारीच्या बोटाचा ठसा ओळखत नसेल तर चूक कोणाची धरायची? घरी हे बोलून दाखवलं की "आधी डिग्री पूर्ण कर" असं उत्तर मिळतं. ते उत्तर चुकीचं नाही, पण अपुरं आहे. हे प्रश्न रीतसर शिकता येतात. त्यांवर पीएचडी होते, नोकऱ्याही मिळतात. पुढचं मार्गदर्शन अशा मुलांसाठी आहे आणि काळजीत पडलेल्या त्यांच्या आई-वडिलांसाठीही.

विद्यापीठांत हा विषय साधारणपणे 'विज्ञान, तंत्रज्ञान आणि समाज' किंवा 'विज्ञान धोरण' अशा पाट्यांखाली शिकवला जातो. आपल्याकडे अशा पाट्या फार थोड्या विभागांवर आहेत आणि जयपुरात शोधत फिरलात तर बहुधा रिकाम्या हातानं परत याल. विषय मात्र असतो. राज्यशास्त्राच्या एखाद्या ऐच्छिक पेपरात, समाजशास्त्राच्या चौथ्या सत्रात, पर्यावरण कायद्याच्या वर्गात, इतिहासाच्या वसाहतकालीन विज्ञानाच्या प्रकरणात तो दडून बसलेला असतो. म्हणून निवडीचा क्रम उलटा ठेवा. आधी आपला प्रश्न पक्का करा, मग तो प्रश्न शिकवणारा माणूस शोधा आणि पदवीचं नाव सगळ्यात शेवटी बघा.

प्रश्न पक्का करायला जयपूरइतकं सोयीचं शहर क्वचित सापडेल. जंतरमंतरपासूनच सुरुवात करा. सवाई जयसिंगानं अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारलेल्या तिथल्या सम्राट यंत्राची उंची सुमारे २७ मीटर आहे, आणि त्याच्या सावलीवरून वेळ दोन सेकंदांपर्यंत वाचता येते, असं तिथला प्रत्येक गाइड सांगतो. गाइड जे सांगत नाही ते आपल्या कामाचं. जयसिंगाला दुर्बीण माहीत होती. त्यानं १७२७ मध्ये पोर्तुगालला माणसं धाडली, फ्रेंच ज्योतिर्विद ला हीर याची कोष्टकं मागवली, ती आपल्या वेधांशी ताडून पाहिली आणि त्यांतल्या चुकाही काढल्या. एवढं करून त्यानं भरवसा ठेवला तो दगड-चुन्याच्या यंत्रांवर. का? मोजमापाच्या अचूकतेचं एक उत्तर आहे. दुसरं उत्तर दरबारात सापडतं. त्याच्या कोष्टकांना नाव मिळालं मुघल बादशहा मुहम्मदशाहाचं. पंचांग कोणाचं चालावं हा तेव्हा सत्तेचा प्रश्न होता. त्याच्या पाच वेधशाळांपैकी एक होती उज्जैनीत, आणि माळव्याची सुभेदारीही त्याच्याकडे होती. बाजीरावाशी वाटाघाटी करणारा जयसिंग हाच. १७३५ मध्ये बाजीरावाच्या मातोश्री राधाबाई काशीयात्रेला निघाल्या तेव्हा त्यांचा पाहुणचार करणाराही हाच. मराठी इतिहासाच्या पुस्तकांत हा जयसिंग राजकारणी म्हणून भेटतो आणि खगोलाच्या पुस्तकांत ज्योतिर्विद म्हणून. दोन्ही पुस्तकं एकाच टेबलावर उघडी ठेवून वाचायला शिकवणारा विषय म्हणजे हा.

तीनशे वर्षांपूर्वीच्या गोष्टीत मन रमत नसेल तर २६ सप्टेंबर २०२१ घ्या. त्या दिवशी राजस्थानात रीट, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा होती. कॉपी आणि पेपरफुटी रोखायची म्हणून सरकारनं अनेक जिल्ह्यांत मोबाइल इंटरनेट बंद ठेवलं. परीक्षार्थी लाखांत होते. त्यांच्यापायी ज्यांचा परीक्षेशी काडीचा संबंध नव्हता अशांचेही व्यवहार अडले. आणि पेपर? तो फुटलाच. जयपुरातल्या शिक्षा संकुलात ठेवलेल्या प्रश्नपत्रिका आधीच बाहेर गेल्या होत्या, असं तपासात पुढं आलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये दुसऱ्या स्तराची परीक्षा रद्द करावी लागली. कपाटाच्या किल्लीचा प्रश्न सरकारनं मोबाइलच्या टॉवरवर सोडवायला घेतला होता! हा प्रसंग वाचून तुम्हाला इंटरनेटबंदीवरचा, सर्वोच्च न्यायालयाचा अनुराधा भसीन खटल्यातला जानेवारी २०२० चा निकाल उघडावासा वाटला, तर तुमची वाट कायद्याकडे किंवा सार्वजनिक धोरणाकडे जाते. तंत्रज्ञानाचा तोडगा प्रशासनाला इतका हवाहवासा का वाटतो, असा प्रश्न पडला तर समाजशास्त्राकडे. नेटवर्क नेमकं कसं बंद करतात, अर्धवट बंद करता येतं का, हेच डोक्यात घोळत राहिलं, तर आहात त्या इंजिनीअरिंगमध्येच थांबा. तो प्रश्न तिथंच चांगला शिकता येईल आणि धोरणाचं वाचन जोडीला ठेवता येईल. एकाच घटनेतून तीन वेगळे अभ्यासक्रम निघतात. विज्ञानाचं राजकारण 'आवडतं' एवढ्या भांडवलावर प्रवेश घेऊ नये, ते याच कारणासाठी.

माळढोकाची गोष्ट त्याहून अवघड. सोलापूरजवळच्या नान्नजचं अभयारण्य मराठी वाचकांना ठाऊक आहे. हाच पक्षी राजस्थानात गोडावण म्हणून ओळखला जातो आणि तो राज्यपक्षी आहे. त्याचे उरलेसुरले अधिवास थरच्या वाळवंटात, आणि सौरऊर्जा प्रकल्पांची गर्दीही तिथंच. एकट्या भादलाच्या सौर उद्यानाची क्षमता २,२४५ मेगावॅट आहे. वीज वाहून नेणाऱ्या उच्चदाब तारा या जड पक्ष्याला समोरून नीट दिसत नाहीत आणि तो त्यांवर आदळून मरतो. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोडावणाच्या टापूत शक्य तिथं तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं. एवढ्या उच्च दाबाच्या तारा गाडणं तांत्रिकदृष्ट्या अवघड आणि महाग आहे, शिवाय हवामानबदलाची आपली उद्दिष्टं अडतील, असं सरकारनं मांडलं. मार्च २०२४ मध्ये न्यायालयानं तो सरसकट आदेश मागं घेतला आणि तज्ज्ञांची समिती नेमली. आता सांगा, इथं पर्यावरणवादी कोण? दोन्ही बाजूंना शास्त्रज्ञ आहेत आणि दोन्ही बाजू पृथ्वी वाचवायचीच भाषा करतात. समितीत कोण बसावं, तिच्यापुढं कोणता आकडा पुरावा म्हणून चालावा, ज्या ओरणांत, म्हणजे गावानं राखलेल्या देवराईसारख्या कुरणांत, मेंढ्या चरतात तिथल्या मेंढपाळाचं म्हणणं पुराव्यात धरायचं का, हे ठरवणं म्हणजे विज्ञानाचं राजकारण. एखाद्या विभागाच्या अभ्यासक्रमात असा एकही चालू खटला नसेल आणि सोळा आठवडे नुसत्या 'विज्ञान म्हणजे काय' या व्याख्यांत जाणार असतील, तर तो अभ्यासक्रम मी तरी घेणार नाही.

बाकीची उदाहरणं ओझरतीच सांगतो, तुमची तुम्ही वाढवा. अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरमध्ये जून २०१९ मध्ये शेतकरी संघटनेनं बंदी असलेलं तणनाशक-सहनशील कापसाचं बियाणं उघडपणे पेरून सविनय कायदेभंग केला. राजस्थान देशात मोहरीत पुढं, आणि जनुकीय मोहरीचा वाद २०२४ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या परस्परविरोधी निकालांपर्यंत गेला. विदर्भातला कापूस आणि भरतपूरची मोहरी शेजारी ठेवून लिहिलेला प्रबंध कोणत्याही परीक्षकाला वाचावासा वाटेल. जयपूर फूट हा आणखी एक विषय. सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस हा पाय घडवला. उकिडवं बसता यावं, अनवाणी शेतात जाता यावं, असा तो घडवला होता. १९८१ चं मॅगसेसे डॉक्टरांना मिळालं आणि कारागिराचं नाव बरंच मागं राहिलं. शोधाचं श्रेय कोणाच्या नावावर चढतं हा प्रश्न ज्यांना सतावतो त्यांनी रुग्णालयाच्या आवारापासून सुरुवात करावी.

आता प्रत्यक्ष प्रवेशाकडे वळू. जयपुरात राहूनच शिकायचं असेल तर राजस्थान विद्यापीठात राज्यशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, लोकप्रशासन हे विभाग आहेत. आरोग्याकडे कल असेल तर आयआयएचएमआर विद्यापीठ आहे. वर्गाबाहेरचं शिक्षण मात्र या शहरात जास्त मोलाचं. बनी पार्कमधली कट्स ही १९८३ पासून ग्राहकहक्क, नियमन आणि आता डिजिटल बाजारपेठ यांवर काम करणारी संस्था आहे. झालाना भागातली विकास अध्ययन संस्था १९८१ ची. दोन्हीकडे उन्हाळी इंटर्नशिपसाठी अर्ज करा, निदान त्यांची जाहीर व्याख्यानं चुकवू नका. मजदूर किसान शक्ती संघटनेचं काम राजसमंदच्या देवडूंगरीतून सुरू झालं आणि माहिती अधिकाराची चळवळ १९९६ च्या ब्यावरच्या धरण्यातून देशभर गेली. त्याच राज्यात सप्टेंबर २०१९ मध्ये जनसूचना पोर्टल सुरू झालं. रेशन, पेन्शन, रोजगार हमी यांची माहिती कोणीही अर्ज न करता पाहू शकेल अशी त्यामागची कल्पना. म्हणजे लोकांनी मागून घेतलेलं तंत्रज्ञान आणि वरून लादलेलं तंत्रज्ञान, बोटाच्या ठशाचं रेशन यंत्र आणि हे पोर्टल, दोन्ही एकाच राज्यात बघायला मिळतात. राजस्थाननं २०२३ मध्ये ॲपवर काम करणाऱ्या डिलिव्हरीवाल्यांसाठी देशातला पहिला कायदा केला, तोही याच वहीत लिहून ठेवा. ही सामग्री दिल्लीच्या विद्यार्थ्याला प्रवास करून गोळा करावी लागते, तुम्हाला ती सिटी बसनं मिळते.

पदव्युत्तर शिक्षणासाठी बहुतेकांना शहर सोडावं लागेल. दिल्लीत जेएनयूचं विज्ञान धोरण अध्ययन केंद्र हे या विषयातलं जुनं घर. हैदराबाद विद्यापीठात आणि गुजरात केंद्रीय विद्यापीठातही स्वतंत्र केंद्रं आहेत. तिन्ही ठिकाणी भर संशोधनावर, म्हणजे पीएचडीवर आहे. धोरणाची पदव्युत्तर पदवी हवी असेल तर आयआयटी मुंबई आणि आयआयटी दिल्ली इथं सार्वजनिक धोरणाचे अभ्यासक्रम आहेत. इंजिनीअर मुलांना मी आग्रहानं सुचवेन ते आयआयटी मुंबईचं सितारा केंद्र, म्हणजे ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचं केंद्र. १९८५ पासूनचं हे केंद्र तंत्रज्ञान आणि विकास या विषयात एम.टेक. देतं. तिथं मुलांना गावात पाठवतात आणि नळाला पाणी का येत नाही याचं उत्तर पाइपच्या व्यासासोबत ग्रामपंचायतीच्या ठरावातही शोधायला लावतात. परदेशाबद्दल थोडक्यात: एडिंबरा आणि ससेक्स इथले विभाग १९६० च्या दशकापासूनचे आहेत. हार्वर्डमध्ये कोलकात्यात जन्मलेल्या शीला जॅसनॉफ यांनी हा विषय उभा केला आणि २०२२ चा होलबर्ग पुरस्कार मिळवला. शिष्यवृत्तीशिवाय, घर गहाण टाकून, या विषयासाठी परदेशी जाऊ नका. पगार ते कर्ज फेडण्याइतका लवकर वाढत नाही.

माहितीपुस्तिका कशी वाचायची हे कोणी सांगत नाही, म्हणून इथं जरा थांबतो. पहिल्या पानावरची ध्येयवाक्यं ओलांडून थेट वाचनयादीवर जा. यादीतलं सगळ्यात नवं पुस्तक किती जुनं आहे ते बघा. भारतीय लेखक किती आहेत ते मोजा. लँग्डन विनर यांचा १९८० चा 'वस्तूंना राजकारण असतं का' हा गाजलेला निबंध बहुतेक यादीत असतोच. त्याच्या शेजारी दीपक कुमार यांचं ब्रिटिशकालीन विज्ञानावरचं, इट्टी अब्राहम यांचं अणुबॉम्बवरचं, अजंता सुब्रमणियन यांचं आयआयटी आणि जातीवरचं पुस्तक आहे का? यातलं एकही नसेल तर शिक्षकानं यादी दुसरीकडून उचलली आहे असं समजायला हरकत नाही. मग मूल्यमापन बघा. सगळे गुण तीन तासांच्या लेखी परीक्षेला असतील आणि दीर्घ निबंध किंवा क्षेत्रकाम कुठंच नसेल, तर तुम्ही नोट्स पाठ करून बाहेर पडाल. पद्धतीचा एक तरी पेपर हवाच: मुलाखती, दफ्तरखान्यातलं काम, माहिती अधिकाराचा अर्ज लिहिणं, संख्याशास्त्र, काहीही. पद्धत न शिकता मतं शिकलेली मुलं या क्षेत्रात पुष्कळ आहेत, त्यांत भर नको.

अलीकडं खासगी विद्यापीठांच्या जाहिरातींत 'एआय आणि सार्वजनिक धोरण', 'तंत्रज्ञान नेतृत्व' अशा नावांच्या पदव्या दिसतात. काही चांगल्या असतीलही. पण पूर्णवेळ शिक्षक किती आणि 'पाहुणे तज्ज्ञ' किती, हे लेखी विचारा. उत्तर यायला महिना लागला तर तेच उत्तर समजा.

काही नियम आधीच माहीत असलेले बरे. एम.फिल. यूजीसीनं २०२२ च्या नियमांनी बंद केली आहे, त्यामुळे कोणी त्या नावाखाली प्रवेश देत असेल तर पैसे भरू नका. चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी पूर्ण केली तर थेट पीएचडीसाठी अर्ज करता येतो. नेट परीक्षेच्या यादीत या नावाचा विषय नाही. म्हणजे प्राध्यापकी करायची असेल तर समाजशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास यांपैकी एखाद्या जुन्या विषयाची पदव्युत्तर पदवी गाठीशी ठेवणं शहाणपणाचं. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये, आणि त्यात जयपुरात किंवा हैदराबादेत बरं राहता येतं. सध्याच्या पदवीसोबतच चव घ्यायची असेल तर 'स्वयम्'वरचे अभ्यासक्रम बघा. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार विद्यापीठ एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तिथून घेऊ देऊ शकतं. तुमचं देतं का, एनआयटीत असाल तर तिथल्या सिनेटचा नियम काय, हे परीक्षा विभागात विचारून घ्या. वरिष्ठांच्या सांगण्यावर विसंबू नका.

आता आई-वडिलांच्या प्रश्नाकडे. पुढं काय? पुण्याच्या 'प्रयास'चं उदाहरण देतो. १९९३ मध्ये महाराष्ट्र वीज मंडळानं एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी वीजखरेदीचा करार केला. गिरीश संत, शंतनू दीक्षित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या कराराचं कलमन्‌कलम आणि आकडान्‌आकडा तपासून तो मंडळाला किती महागात पडेल ते लोकांपुढं मांडलं. २००१ मध्ये मंडळानं ती वीज घेणं थांबवलं. संत आयआयटी मुंबईचे इंजिनीअर होते. त्यांच्या म्हणण्याला वजन आलं ते घोषणांमुळे नव्हे. वीज कशी तयार होते हे माहीत असणारा माणूस करार वाचत होता. आज असं काम वीज नियामक आयोगांपुढं, बेंगळुरू-दिल्लीच्या धोरणसंशोधन संस्थांत, वृत्तपत्रांत आणि केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या धोरण शिष्यवृत्तीतून चालतं. सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअर कंपनीपेक्षा कमीच असतो, हे मुलीला आणि स्वतःलाही आधीच सांगा. म्हणूनच माझं मत असं की बारावीनंतर लगेच या विषयात उडी घेऊ नये. आधी एखादं शास्त्र, अभियांत्रिकी, शेती, कायदा किंवा अर्थशास्त्र पक्कं करावं आणि पदव्युत्तरला इकडं यावं. याला अपवाद आहेत. ज्यांना मुळातच इतिहास किंवा समाजशास्त्र आवडतं त्यांनी गणिताच्या धाकानं इंजिनीअरिंगला जाऊन चार वर्षं घालवू नयेत.

वाचायला काय घ्यावं असं विचाराल तर आधी पुस्तकही नको. सप्टेंबर २०१८ चा आधारवरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल उघडा आणि त्यातलं न्या. धनंजय चंद्रचूड यांचं वेगळं मत सावकाश वाचा. फुकट आहे, लांबलचक आहे. बहुमतानं काय म्हटलं आणि यांनी काय, हे दोन पानांत मराठीत लिहून काढा. ते लिहिताना कंटाळा आला तर हा विषय तुमचा नाही, आणि हे प्रवेशशुल्क भरण्याआधी कळलेलं केव्हाही स्वस्त.

अर्ज भरण्याआधी एक काम करा. ज्या विभागात जायचं आहे तिथल्या एका शिक्षकाला आपला प्रश्न चार ओळींत लिहून पाठवा आणि तिथं दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या दोघांना प्रत्यक्ष भेटा. त्यांना प्लेसमेंटबद्दल विचारालच, पण त्यांनी गेल्या सत्रात कशावर निबंध लिहिला तेही विचारा. दोघांनाही विषय आठवला नाही तर दुसरा विभाग बघा.